बेडकाच्या पेटीत झाडू कोण मारतो?

अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंतच्या किनाऱ्यावर नारळी-पोफळीच्या वाड्यांची एक हिरवी पट्टी आहे. पावसाळ्यात संध्याकाळी अशा एखाद्या वाडीत उभे राहिले, तर बेडकांच्या आवाजापुढे शेजारच्या माणसाचे बोलणेही नीट ऐकू येत नाही. हे सगळे बेडूक रोज खातात, रोज विष्ठा आणि मूत्र टाकतात, ठरावीक काळाने अंगावरची जुनी त्वचा टाकतात. त्यांतले काही मरतातही. ही घाण कोणी झाडून काढत नाही, तरीही वाडीत दुर्गंधी सुटत नाही. येतो तो फक्त ओल्या मातीचा वास.

आता यांपैकी एकच बेडूक काचेच्या पेटीत ठेवला आहे, अशी कल्पना करा. पेटीच्या तळाशी धुतलेली स्वच्छ वाळू आहे, कोपऱ्यात पाण्याची वाटी आहे आणि रोज दोन नाकतोडे टाकले जात आहेत. थोड्याच दिवसांत पेटीला उग्र वास येऊ लागतो, न खाल्लेल्या नाकतोड्यावर पांढरी बुरशी चढते आणि बेडूक मलूल होतो. वाडीत अस्वच्छता होती असे म्हणावे तर तिथे बेडूक सुखरूप होता. पेटी तर आपण धुऊन पुसून ठेवली होती. मग पेटीत कमी काय पडले?

युरोप-अमेरिकेत दक्षिण अमेरिकेतील रंगीत विषारी बेडूक काचेच्या पेटीत पाळण्याचा छंद आहे. अशा पेटीला टेरारियम म्हणतात. या छंदिष्टांनी वरील प्रश्नाचे एक सोपे उत्तर शोधले आहे. ते पेटीत माती आणि पालापाचोळा घालतात आणि त्यात काही बारीक अपृष्ठवंशीय प्राणी मुद्दाम सोडतात. हे प्राणी पेटीची सफाई करतात. ही सफाईची टोळी नेमके काय करते, काय करू शकत नाही आणि आपल्या शाळेत तिचा अभ्यास कसा करता येईल, हे या लेखात पाहू या.

आधी एक पथ्य

हा लेख वाचून विद्यार्थ्यांनी बेडूक पकडून आणावेत, अशी आमची मुळीच इच्छा नाही. बेडकांच्या तंगड्यांच्या निर्यातीसाठी आपल्या देशात एके काळी बेडकांची प्रचंड प्रमाणावर पकड होत असे. ही निर्यात १९८७ साली बंद करण्यात आली. वन्यजीव संरक्षण कायद्यानेही बेडकांना संरक्षण दिलेले आहे. शिवाय बेडकांच्या त्वचेवर वाढणाऱ्या काइट्रिड नावाच्या एका घातक बुरशीचे शास्त्रीय वर्णन १९९९ साली प्रसिद्ध झाले आणि २०११ साली पश्चिम घाटातील बेडकांतही तिची नोंद झाली. बेडूक एका ठिकाणाहून उचलून दुसऱ्या ठिकाणी सोडल्याने असे रोग पसरू शकतात. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक आढाव्यानुसार उभयचरांच्या सुमारे ४१ टक्के जाती धोक्यात आहेत.

म्हणून शाळेतली पेटी बेडकाशिवायच ठेवावी. सफाईची टोळी एवढी रंजक आहे, की पेटीत बेडूक नसला तरी विद्यार्थ्यांना कंटाळा येत नाही. बेडूक बाहेर वाडीत आहेतच. त्यांचे निरीक्षण तिथेच करावे.

बेडकाला घाण का सोसत नाही?

सरडा आणि बेडूक एकाच पेटीत ठेवले, तर घाणीचा त्रास आधी बेडकाला होतो. याचे कारण त्याची त्वचा. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही. पोटाच्या खालच्या आणि मांड्यांच्या भागातील पातळ त्वचेतून तो पाणी शोषून घेतो. श्वसनाचा काही भागही त्वचेतूनच होतो. ज्या जमिनीवर तो बसतो त्या जमिनीतील ओलावा, त्यात विरघळलेल्या पदार्थांसह, त्याच्या शरीरात जाऊ शकतो. म्हणजे आपण ज्याला पेटीची फरशी म्हणतो, तोच बेडकाचा पाण्याचा पेला आहे.

आता त्या फरशीवर काय पडते ते पाहू. बेडकाचे पिल्लू, म्हणजे भैरा, पाण्यात राहतो आणि शरीरातील टाकाऊ नत्र अमोनियाच्या रूपाने सरळ पाण्यात सोडतो. अमोनिया विषारी आहे, पण भोवती भरपूर पाणी असल्याने तो लगेच विरळ होतो. भैऱ्याचा बेडूक होताना शेपूट जाते, पाय येतात, हे आपण पाठ्यपुस्तकात शिकवतो. त्याच वेळी यकृतातही एक मोठा बदल होत असतो. जमिनीवर राहणारा प्रौढ बेडूक अमोनियाचे युरियात रूपांतर करू लागतो आणि मूत्रावाटे युरिया टाकतो. युरिया तुलनेने निरुपद्रवी आहे.

पण गोष्ट इथे संपत नाही. ओल्या मातीत आणि वाळूत अनेक जीवाणू असे असतात, की ज्यांच्याजवळ युरियाचे विघटन करणारे विकर असते. ते युरियापासून पुन्हा अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड तयार करतात. बेडकाने खर्च करून जे विष निरुपद्रवी केले, ते जीवाणू पुन्हा मोकळे करतात. अस्वच्छ मुतारीत जो वास येतो तो याच क्रियेचा.

हा अमोनिया ओलाव्यात दोन रूपांत असतो. एक रूप अमोनियम आयनाचे, जे त्वचेतून सहज आत जात नाही. दुसरे रूप मुक्त अमोनियाचे, जे सहज आत जाते आणि घातक ठरते. या दोहोंचे प्रमाण सामूवर अवलंबून असते. २५ अंश सेल्सियस तापमानाला पाण्याचा सामू ७ असेल, तर एकूण अमोनियापैकी सुमारे अर्धा टक्काच मुक्त रूपात असतो. सामू ८ झाला की हे प्रमाण सुमारे ५ टक्के होते. सामू एकाने वाढला की विष जवळजवळ दसपट! हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे शिंपल्यांच्या चुऱ्याचा विचार करताना तो उपयोगी पडेल.

निसर्गात या अमोनियाची पुढची वाट ठरलेली आहे. जीवाणूंचा एक गट त्याचे नायट्राइट करतो, दुसरा गट नायट्राइटचे नायट्रेट करतो आणि नायट्रेट वनस्पतींची मुळे शोषून घेतात. हे काम करणारे जीवाणू १८९० च्या सुमारास सर्गेई विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाने वेगळे करून दाखवले. या जीवाणूंना राहायला जागा लागते, ओलावा लागतो आणि प्राणवायू लागतो. धुतलेल्या वाळूत त्यांची वस्ती तुटपुंजी असते. शिवाय नायट्रेट उचलायला वनस्पतीही नसतात. स्वच्छ पेटी घाण होण्याचे पहिले कारण हे.

मग किडे कशाला?

जीवाणू आणि बुरशी हेच जर खरे विघटक आहेत, तर किड्यांची गरज काय, असा प्रश्न चौकस विद्यार्थी नक्की विचारेल. त्याला एक गणित घालावे. एक सेंटिमीटर बाजूचा घन घ्या. त्याचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर. आता त्याचे एक मिलिमीटर बाजूचे तुकडे करा. तुकडे होतील १०००, आणि त्यांचे एकूण पृष्ठफळ होईल ६० चौरस सेंटिमीटर. पदार्थ तेवढाच, पण जीवाणूंना बसायला दसपट जागा.

सफाईच्या टोळीचे पहिले काम हेच, दळण्याचे. पाने, विष्ठा, मेलेले किडे यांचे ती बारीक तुकडे करते. तिच्या पोटातून बाहेर पडलेल्या लेंड्या ओलसर आणि भुसभुशीत असतात व त्यांवर जीवाणू जोमाने वाढतात. दुसरे काम चरण्याचे. बुरशीचे जाळे ती सतत कुरतडत असल्याने बुरशी एकाच जागी माजत नाही, तरुण आणि कार्यक्षम राहते. तिसरे काम वाहतुकीचे. अंगाला चिकटलेले बीजाणू आणि जीवाणू ती पेटीभर पोचवते. चौथे काम माती पोकळ ठेवण्याचे, ज्यामुळे प्राणवायू खालपर्यंत जातो.

थोडक्यात, रासायनिक काम सूक्ष्मजीवांचे आणि यांत्रिक काम किड्यांचे. गिरणी आणि चूल यांच्यासारखी ही विभागणी आहे. एकट्या गिरणीने पोट भरत नाही आणि अख्खे ज्वारीचे दाणे चुलीवर टाकूनही भाकरी होत नाही.

टोळीतील मंडळी

स्प्रिंगटेल : वाडीतला ओला पालापाचोळा, म्हणजे पातेरा, पांढऱ्या कागदावर झटकला तर एक-दोन मिलिमीटर लांबीचे पांढरे किंवा करडे ठिपके टुणकन उडताना दिसतात. हे स्प्रिंगटेल. त्यांच्या पोटाखाली दुभंगलेल्या काट्यासारखा एक अवयव दुमडून आकड्यात अडकवलेला असतो. आकडा सुटला की तो जमिनीवर आपटतो आणि प्राणी हवेत फेकला जातो. सहा पाय असूनही हल्ली यांना खऱ्या कीटकांत धरत नाहीत, कारण यांचे मुखावयव डोक्याच्या आत लपलेले असतात. हा गट फार जुना आहे. स्कॉटलंडमधील सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत त्यांचे जीवाश्म सापडले आहेत. यांचे मुख्य अन्न बुरशी. त्यांची त्वचा पाण्याने भिजत नाही, त्यामुळे ते पाण्यावर तरंगतात. मेलेल्या नाकतोड्यावरची बुरशी साफ करण्यात यांचा हात कोणी धरणार नाही.

आयसोपॉड : कुंडी किंवा जांभ्याचा दगड उचलला की खाली राखाडी, चपटे, अंगावर आडव्या पट्ट्यांचे चिलखत असलेले प्राणी पळू लागतात. काहींना स्पर्श केला की ते गोळी होऊन बसतात. सात जोड्या, म्हणजे चौदा पाय मोजा. हे कीटक नव्हेत. हे खेकडे आणि कोळंबीचे जमिनीवर आलेले नातलग. किनाऱ्यावरच्या विद्यार्थ्यांना हे नाते पटवणे सोपे आहे. ओहोटीच्या वेळी खडकांवर आणि जेटीच्या भिंतींवर झुरळासारखे झपाझप पळणारे प्राणी त्यांनी पाहिलेले असतात. तेही आयसोपॉडच. समुद्राच्या कडेला राहणारे ते आणि वाडीतल्या दगडाखालचे हे, अशी दोन टोके एकाच गावात पाहायला मिळतात.

समुद्राच्या खुणा आयसोपॉडच्या शरीरात अजून आहेत. त्याचे श्वसनाचे अवयव पोटाखालच्या पानासारख्या उपांगांत असतात आणि ते ओलसर राहावे लागतात. मादी अंडी पोटाखालच्या पाण्याने भरलेल्या पिशवीत वाढवते, जणू स्वतःचे छोटे डबके बरोबर घेऊन हिंडते. रक्तात लोहाऐवजी तांबे असलेले हिमोसायनिन असते. पालापाचोळ्यात तांबे फार थोडे, म्हणून ते वाया जाऊ नये यासाठी तो स्वतःच्या लेंड्याही पुन्हा खातो. कात टाकतो तीही दोन हप्त्यांत, आधी मागचा अर्धा भाग आणि काही दिवसांनी पुढचा. त्यामुळे अर्धा पांढरट आणि अर्धा करडा आयसोपॉड दिसला तर तो आजारी नाही, कपडे बदलतो आहे असे समजावे.

वाणी : पहिल्या पावसाबरोबर भिंतीवर चढणारी, हात लावला की चकलीसारखी गुंडाळणारी वाणी सर्वांना माहीत आहे. सडलेली पाने आणि लाकूड दळण्यात ती तरबेज. मात्र संरक्षणासाठी ती तिखट वासाचा द्रव सोडते. चपट्या वाणींच्या काही जातींच्या द्रवात तर हायड्रोजन सायनाइडही असते. मोकळ्या वाडीत याने काही बिघडत नाही, पण बंद पेटीत बेडकाबरोबर वाणी ठेवणे बरे नाही.

गांडूळ : चार्ल्स डार्विनने १८८१ साली गांडुळांवर स्वतंत्र पुस्तक लिहून त्यांची थोरवी सांगितली. खोल माती असलेल्या पेटीत गांडूळ उत्तम काम करते. माती दोन बोटे जाडीचीच असेल, तर ते सगळी पेटी उलथीपालथी करून रोपांची मुळे उघडी पाडते.

नको असलेली मंडळी : मुंग्या, गोम आणि कोळी टोळीत घेऊ नयेत. ते शिकारी आहेत. एकटी गोम स्प्रिंगटेल आणि आयसोपॉड यांची वस्ती बघता बघता विरळ करते.

पेटीची मांडणी

झाकणाच्या पेटीत परिसंस्था टिकते ही कल्पना तशी जुनी आहे. १८२९ साली नॅथॅनियल वॉर्ड या लंडनमधील डॉक्टरने एका पतंगाचा कोष ओल्या मातीसह बाटलीत बंद करून ठेवला. पतंगाऐवजी त्याचे लक्ष मातीतून उगवलेल्या नेच्याने आणि गवताने वेधून घेतले. यातून 'वॉर्डची पेटी' जन्माला आली. पुढे १८४८ ते १८५१ या काळात रॉबर्ट फॉर्च्यूनने चीनमधून चहाची रोपे हिंदुस्थानात आणली ती याच पेट्यांतून.

शाळेसाठी जुनी माशांची टाकी किंवा मोठी बरणी पुरते. तळाशी जांभ्याचे खडे तीन-चार सेंटिमीटर जाडीत पसरावे, म्हणजे जादा पाणी तिथे साचेल आणि वरची माती चिखल होणार नाही. त्यावर काथ्याचा थर द्यावा. त्यावर वाडीतली कुजलेल्या पाल्याची माती, नारळाच्या सोडणाचा भुसा आणि लाकडी कोळशाचे तुकडे यांचे मिश्रण सात-आठ सेंटिमीटर घालावे. सर्वांत वर पातेऱ्याचा जाड थर आणि एक-दोन सालीचे तुकडे ठेवावे. एखादा नेचा किंवा मनीप्लांटची फांदी लावावी. नायट्रेट उचलणारे तेच आहेत.

पातेरा कोणता, यालाही महत्त्व आहे. गिरिपुष्पाची पाने लवकर कुजतात. आंबा, फणस, काजू यांची जाड पाने सावकाश कुजतात, तर नारळाच्या झावळीचे तुकडे त्याहून जास्त काळ टिकतात. लवकर कुजणारी पाने म्हणजे आजचे जेवण आणि सावकाश कुजणारी म्हणजे साठवणीचे धान्य. दोन्ही मिसळावी. कीटकनाशक फवारलेल्या बागेतला पातेरा मात्र घेऊ नये. जे औषध बागेतले किडे मारते, ते आपली टोळीही मारते.

आयसोपॉडच्या कवचाला चुना लागतो आणि कोकणची जांभ्याची माती चुन्याच्या बाबतीत गरीब असते. समुद्रकाठचे शिंपले गोड्या पाण्यात दोन-तीन दिवस भिजवून, पाणी बदलून, मीठ काढून टाकावे आणि त्यांचा चुरा करून वापरावा. पण तो सगळ्या मातीत मिसळू नये. चुन्याने सामू वाढतो, आणि सामू वाढला की मुक्त अमोनिया वाढतो हे आपण पाहिलेच आहे. चुऱ्याची चिमूट एका कोपऱ्यात ठेवली की आयसोपॉड आपणहून तिथे जातात.

पेटीचा एक भाग ओला आणि एक भाग कोरडसर ठेवावा. आयसोपॉडना दोन्ही लागतात. त्यांचा स्वतःचा टाकाऊ नत्रही बराचसा अमोनिया वायूच्या रूपाने बाहेर पडतो, म्हणून झाकणाला हवेसाठी जाळी हवी. पेटी लावल्यावर चार ते सहा आठवडे तशीच ठेवावी. सुरुवातीला बुरशी फोफावेल. तिला घाबरू नये. थोड्याच दिवसांत स्प्रिंगटेल वाढतात आणि बुरशी ओसरते. आधी अन्न वाढते, मग खाणारे वाढतात, मग दोहोंचा मेळ बसतो. लोकसंख्येच्या या चढउतारांचा आलेख विद्यार्थ्यांकडून काढून घ्यावा.

टोळीच्या मर्यादा

ज्या देशांत असे पेटीतले बेडूक पाळले जातात, तिथल्या अनुभवातून काही मर्यादा स्पष्ट झाल्या आहेत. पहिली, पाण्याच्या वाटीत टोळी काम करत नाही. बेडूक वाटीत बसून मूत्र सोडतो, म्हणून ते पाणी माणसानेच रोज बदलावे लागते. दुसरी, टोळीचा वेग ठरलेला असतो. लहान पेटीत मोठा बेडूक ठेवला, तर घाण पडण्याचा वेग विघटनाच्या वेगापेक्षा जास्त होतो आणि पेटी नासते. तिसरी, बेडूक स्वतःच टोळीला खातो. हलणारी प्रत्येक बारीक वस्तू बेडकाला अन्न वाटते. नुकत्या शेपूट गेलेल्या पिल्लांना तर स्प्रिंगटेल हा उत्तम आहार. म्हणून साली आणि पातेरा यांचा आडोसा हवा. आडोशाला राहिलेल्या प्राण्यांतून पुढची पिढी तयार होते.

करून पाहा

प्रयोग १. दोन लिटरच्या प्लॅस्टिकच्या बाटलीचा वरचा भाग कापून उलटा करा, नरसाळे तयार होईल. त्यात भाजीच्या जाळीदार पिशवीचा तुकडा बसवून वर मूठभर ओला पातेरा ठेवा. नरसाळ्याखाली ओला कापूस घातलेली लहान बाटली ठेवा. वरून उष्णता द्या. त्यासाठी तंतूचा जुन्या पद्धतीचा बल्ब लागतो, आणि तो पातेऱ्यापासून वीतभर तरी दूर असावा. एलईडीचा दिवा पुरेसा तापत नाही. बल्ब नसेल तर सकाळच्या कोवळ्या उन्हात ठेवले तरी चालते. पातेरा वरून सुकत जातो तसे प्राणी ओलाव्याच्या शोधात खाली सरकतात आणि बाटलीत पडतात. ही युक्ती इटलीच्या आंतोनिओ बर्लेसे यांनी १९०५ साली सुचवली व स्वीडनच्या अल्बर्ट टुल्ग्रेन यांनी १९१८ साली तिला दिव्याची जोड दिली. मिळालेले प्राणी भिंगाने पाहून, मोजून पुन्हा वाडीत सोडावे.

प्रयोग २. सारख्या आकाराच्या दोन बरण्यांत सारखाच पातेरा आणि माती घ्या. एका बरणीतली सामग्री आधी कुकरमध्ये वाफवून, थंड करून भरा. दोन्हींत सारखे पाणी शिंपडा आणि प्रत्येकीत भिजवलेले दोन हरभरे ठेवा. रोज निरीक्षण करा. वाफवलेल्या बरणीतही बुरशी येईल, कारण बीजाणू हवेतून येतात. पण तिला खाणारे हवेतून येत नाहीत. दोन्ही बरण्यांतील बुरशी कशी वाढते आणि कशी ओसरते, यातला फरक विद्यार्थ्यांनी स्वतः नोंदवावा.

प्रयोग ३. पावसाळ्याच्या आरंभी उन्हात वाळवलेली पाने प्रत्येकी दहा ग्रॅम तोलून जाळीच्या पिशव्यांत भरा. निम्म्या पिशव्यांची जाळी मच्छरदाणीसारखी बारीक असावी, निम्म्यांची पाच मिलिमीटर छिद्रांची. सर्व पिशव्या वाडीत पातेऱ्याखाली ठेवा. दर महिन्याला प्रत्येक प्रकारची एक पिशवी काढून, माती झटकून, पाने वाळवून तोला. बारीक जाळीतून जीवाणू, बुरशी आणि बारीक स्प्रिंगटेल आत जातात, पण मोठे आयसोपॉड आणि वाणी जात नाहीत. मोठ्या छिद्रांतून पानांचे तुकडे गळूनही पडतात, हे निष्कर्ष काढताना विसरू नये.

पेटीतून वाडीकडे

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. श्रीवर्धन आणि मुरुड परिसरातील नारळी-पोफळीच्या वाड्या अक्षरशः आडव्या झाल्या. वर्षानुवर्षांत पडला असता एवढा पाचोळा आणि लाकूड एका दुपारी जमिनीवर आले. अशा वेळी सगळे पेटवून मोकळे व्हावे, असे कोणालाही वाटेल.

इथे थोडा विचार करावा. नारळाचे कुजणारे खोड हे गेंड्या भुंग्याच्या अळ्यांचे आवडते ठिकाण. हा भुंगा उभ्या नारळाचा कोंब पोखरतो. म्हणून पडलेली खोडे वाडीतून हलवलीच पाहिजेत. आळ्यातला पातळ पाला मात्र वेगळा. तो आयसोपॉड, वाणी आणि गांडुळे यांचे घर आहे, आणि त्याच्या आश्रयाने बेडूक राहतो. तो जाळला की त्यातला बराचसा नत्र वायुरूपाने हवेत जातो आणि हाती राख उरते. राखेत पालाश असते, पण दळण करणारी टोळी नसते.

भाताच्या रोपांसाठी रायगडमध्ये राब भाजतात, त्यालाही कारणे आहेत. भाजण्याने तणाचे बी मरते आणि पहिल्या पावसात रोपाला अन्न लगेच मिळते. शेतकऱ्याला नावे ठेवण्याआधी ही कारणे समजून घ्यावी. कोरडी माती उष्णतेची मंद वाहक असल्याने खोलवरचे प्राणी वाचतात, पण पृष्ठभागावरचे राहत नाहीत. ते पुन्हा येतात ते शेजारच्या न भाजलेल्या जमिनीतून. तेव्हा बांधावर, कुंपणालगत आणि झाडांखाली पातेऱ्याची एक पट्टी राखली, तर टोळीला परत यायला वाट राहते. मुरुड-रोहा भागातील फणसाड अभयारण्यात १९८६ पासून जंगलाला संरक्षण आहे. तिथल्या झाडांखालचा न झाडलेला पातेरा वाटेवरून नुसता पाहिला, तरी वाडीतल्या जमिनीशी तुलना करता येते.

यंदाच्या पावसाळ्यात आपल्या विद्यार्थ्यांकडून एक काम करून घ्यावे. पाऊस सुरू होऊन दहा दिवस झाले, की झाडून स्वच्छ ठेवलेले अंगण, पाला जाळलेली जागा आणि पातेरा राखलेली जागा अशा तीन ठिकाणची एकेक ओंजळ माती व पाला पहिल्या प्रयोगातल्या नरसाळ्यात घालावा आणि मिळालेले प्राणी गटवार मोजावे. ज्या गावी हे मोजमाप सलग तीन-चार वर्षे होईल, त्या गावाकडे वाडीत पाला जाळावा की राखावा हे ठरवण्यासाठी स्वतःची आकडेवारी असेल. ही आकडेवारी ग्रामसभेत विद्यार्थ्यांनीच मांडावी.